पूल पाडला त्याची बातमी

दि. ६ जुलै २०२६

चि. वनमाला हिस अनेक आशीर्वाद.

तुझी माय बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि दिवसभर शेतात हिंडते. सोयाबीन चांगलं उगवलंय. शेळीला दोन पिल्लं झाली. पाच वर्षांनी लिहितोय, अक्षराला हसू नको. तुझ्याच जुन्या पुस्तकांवर गिरवून शिकलोय.

बातमी म्हणजे, आपल्या रुळावरचा पूल पाडला. त्याचे हाल तुला ठाऊकच आहेत. एसटीतून माणसं उतरून पलीकडं चालत जायची अन् मागून रिकामी गाडी हळूच यायची. रुळावर विजेच्या तारा आल्यात, म्हणून नवा पूल उंच बांधतायत. लई चांगलं काम चाललंय. मी रोज बघायला जातो.

तिथल्या इंजिनियर पोरीला विचारलं, "ताई, कठडा केवढा?"

"डोक्याच्या वर पत्रा येणार, बाबा. खाली तारा हायत ना."

"मग खालची गाडी कशी दिसायची?"

"बघायची कावून? बसायचं की गाडीत."

मी घरी येऊन कागद घेतला.

आता लिहूनच टाकतो. तू तुझ्या मनानं लग्न केलंस, मी दार लावून घेतलं. तेव्हापासून दर नागपंचमीला तू आपल्या स्टेशनावर न उतरता पुढं परळीला दगडा आत्याकडं जातेस. त्या दिवशी मी "बैल बघायला चाललो" म्हणून घरातून निघायचो अन् पुलावर उभा राहायचो. स्टेशन जवळ, म्हणून गाडी तिथं हळू होते. पहिल्या वर्षी तू खिडकीला डोकं टेकून निजली होतीस. गेल्या वर्षी खिडकीत तुझी ऋतुजा होती. तिनं वर बघून हात केला. मीही केला. मग तू बघशील म्हणून पटका नीट करत राहिलो.

तुझ्या मायला सगळं ठाऊक होतं. काल म्हणाली, "पाच वर्षं झाली, एकबी बैल आणला न्हाई तुमी."

चोरून बघायला आता जागा राहिली नाही, ते बरंच झालं. या पंचमीला आपल्याच स्टेशनावर उतर. नवनाथरावांना आण. त्यांना अजून एकदाही जावई म्हटलेलं नाही, ते मला समोर म्हणायचंय.

ऋतुजाला सांग, पुलावरचा म्हातारा यंदा फलाटावर उभा असेल. तो कोण, तेही सांग.

तुझा बाप,
शहादेव