परसातली माती

बोरिवली,
२० मे १९८७

सौ. नलिनीवहिनी यांस, मालनचा नमस्कार.

तुमच्या कमळला मुलगा झाल्याचं धाकूदादाकडून कळलं. बरं वाटलं. तिला डिंकाचे लाडू बेताने द्या, पोरीला उष्ण सोसत नाही. मी इथे दादाकडे ठीक आहे.

महिनाअखेर तुम्ही चिपळूणहून मुलुंडला परताल. भावोजींनी कळवलं नसेल, म्हणून मीच कळवते. परसात आता माती नाही. मी नेली.

वाटणीत आम्हाला मागची खोली आणि ते परस दिलंत, तेव्हा तिथे तुमच्या बांधकामाचा राडारोडा पडला होता. विटांचे तुकडे, चुना, सिमेंटचे गोळे. लावलेल्या मिरच्या पिवळ्या पडून मेल्या. मग मी खड्डा केला. भाजीची देठं, केळ्याच्या साली, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, वर सुका पाला आणि मूठभर माती. सहा महिन्यांनी काळंभोर, भुसभुशीत खत निघालं. ते मिसळत गेले. आधी पाणी वरच साचायचं, ते आत मुरायला लागलं. गांडुळं आली. दोडका पत्र्यावर चढला. तुम्ही शेजारच्या सुगंधाकाकूंसमोर मला कचरेवाली म्हणायचात. मी ऐकून घेतलं.

हे गेल्यावर, यंदा एप्रिलमध्ये, भावोजींनी कागद दाखवला, घर त्यांच्या एकट्याच्या नावावर. महिन्यात खोली सोड म्हणाले. तुम्ही दारातूनच बोललात, "माती झकास केलीस गं. मी गुलाब लावते आता."

तेवढ्यावरून मी हे केलं, असं तुम्हाला वाटेल. ते लिहून थांबणार होते. पण खरं कारण ते नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात ह्यांच्या पाठीला अंथरुणाच्या जखमा झाल्या होत्या. तुम्ही खिडकीशी येऊन ओरडलात, "काय हा वास! बुजव तो खड्डा!" नीट मुरलेल्या कचऱ्याला वास येत नाही, वहिनी. वास कशाचा ते तुम्हाला माहीत होतं. ह्यांनाही. ते एवढंच म्हणाले, "मालन, खिडकी लाव." त्या उकाड्यात शेवटचे अकरा दिवस ते घामाने निथळत पडून होते. उघडते म्हटलं की मान हलवायचे.

गेल्या मंगळवारी दादा, मी आणि टेम्पोवाला खंडू, सकाळपासून खणत होतो. त्रेचाळीस गोण्या भरल्या. खाली विटा लागल्या तेव्हा थांबलो. भावोजी दुपारी जेवायला आले.

"हे काय चाललंय?"

"जागा तुमची, भावोजी. माती माझी."

एका गोणीवर त्यांनी हात ठेवला, उचलला, आणि न जेवताच परत गेले.

पश्चात्ताप होतो का ते बघायला आठ दिवस थांबले. झाला नाही. ह्यांचं वर्षश्राद्ध इथेच आहे. तुम्ही येऊ नका.

कमळच्या बाळाला माझे आशीर्वाद. तुमच्यासाठी माझ्याकडे काही उरलेलं नाही.

गुणाजीची बायको,
मालन