दोन अँटिव्हायरस आणि एक बारसं

१० डिसेंबर २००७, सोमवार
हे पान गुरुवारीच लिहायचं होतं. उशीर झाला, माफी असावी. कारण नरहर. त्याच्या कम्प्युटरचं कौतुक ऐकण्यातच दिवस गेले.
नरहर शेजारी राहतो. रेल्वेत तो बाबू होता, मी वॅगन शॉपात फिटर. तो बी.कॉम., मी सातवी. त्याचा कम्प्युटर चहा गाळायच्या आत सुरू होतो. शारदा म्हणते, "किती छान चालते न भाऊजींचा!" अडतीस वर्षांत माझ्या कशालाच असं म्हणाली नाही.
रविवारी आपल्या अकराला मेलबर्नमध्ये नातीचं बारसं. मुलगा अभिनव तिथून कॅमेऱ्यावर दाखवणार आहे. आपल्याच कम्प्युटरवर पाहायचं. नरहरला बोलवायचं. मागच्या खुर्चीवर बसवायचं.

११ डिसेंबर
नरहरकडे हिरव्या ढालीचा अँटिव्हायरस आहे. मी दोन आणले. हिरवी ढाल आणि निळं कुलूप. सदर बाजारातला दुकानदार हिरालाल म्हणाला, "चाचाजी, एक ही रखो, दोनों आपस में लड़ेंगे." दुकानदार कधी एकच घ्या म्हणतो? नरहरने फोन केला असणार.
वॅगनला हवेचा ब्रेक असतो, वर हँडब्रेकही असतो. कधी भांडले नाहीत.

१२ डिसेंबर, सकाळी ९
दोन्ही टाकले. ढालीने कुलपाला व्हायरस ठरवलं. कुलपाने ढालीला कोंडून ठेवलं. दोघंही जागरूक आहेत. समाधान वाटलं.
दुपारी १. कम्प्युटर अजून सुरूच होऊन राहिला.

१३ डिसेंबर
अभिनवचा फोन. म्हणाला, "बाबा, हँडब्रेक लावून गाडी ओढून राहिले तुम्ही. पहारा एकालेच द्या. दुसरा आठवड्यातून एकदा हाताने चालवा. अन् एकमेकांना हात लावू नका म्हणून दोघांच्याही यादीत नावं टाका."
पोट्टा मला ब्रेक शिकवतो. पण पटलं. उद्या करू म्हटलं. तेवढ्यात बोलला, "नरहरकाकांनी दोन असेच ठेवले आहेत."
म्हणजे त्याच्याकडेही दोन! लपवून ठेवतो. आता नाही करणार.

१४ डिसेंबर
नरहर फाटकाशी आला. "मारोतराव, मी लावून देऊ का? पाच मिनिटांचं काम." मी म्हटलं, आमचं मस्त चालून राहिलं. मागून शारदा म्हणाली, "हव, कालपासून एकच चित्र दाखवून राहिला."

१६ डिसेंबर, रविवार, सकाळी १०.३०
सातलाच सुरू केला. नवा शर्ट घातला. ढाल कुलपाला तपासते आहे, कुलूप ढालीला. होईल.
११.१०. पडदा निळा. शारदा जरीची साडी नेसून नरहरकडे गेली. "चला न तुम्हीही," म्हणाली. मी म्हटलं, कोणीतरी इथे हवं. केव्हाही सुरू होईल.
१२.३०. शारदा परतली. डोळे ओले, चेहरा हसरा. तोंड उघडायच्या आत बजावलं, त्या घरातली एकही गोष्ट इथे नको. "बरं," म्हणाली आणि कुकर लावला.
तेव्हापासून पाळणा म्हणते आहे. नावाच्या जागी ओठ मिटून घेते.
संध्याकाळी ५. अभिनव, कम्प्युटर पूर्ण बंद आहे. फोनजवळ तुझी आई बसली आहे. म्हणून हेच पान फाडून पोस्टाने पाठवतो. नातीचं नाव काय ठेवलं ते लवकर कळव. उत्तर माझ्याच नावाने टाक.