जुन्या खांबांवर नको

बकहॉर्न दरी, वेस्ट व्हर्जिनिया
३ ऑगस्ट

ती. हॉलिसदादा,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघं जिवंत आहोत, हे आधी लिहिते. फोनच्या तारा पुरात गेल्या आणि मोबाइलला या दरीत रेंज कधी नव्हतीच, म्हणून पत्र. टपालवाली बाई डोंगरावरून, कोळशाच्या जुन्या रस्त्याने येते. येते तेव्हा आम्हा सगळ्यांचा उद्धार करते, पण येते.

पूल गेला. एक अख्खं झाड वाहत येऊन त्याच्या पोटात शिरलं आणि लोखंड ओल्या पुठ्ठ्यासारखं दुमडलं. दोन्ही काठांवरचे दगडी खांब तेवढे उभे आहेत. परसात गुडघाभर चिखल आहे, टोमॅटोचा वाफा कुठे होता तेही सांगता येत नाही. वेंडेल म्हणतो, बरं झालं, किडनीवाल्याला टोमॅटो वर्ज्यच, आता चोरून खायचा मोह तरी गेला.

त्याचं हसणं हे असं. आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला न्यावं लागतं. पुलावरून पंधरा मिनिटांत रुग्णालय यायचं. आता डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस जातो. जाताना तो गप्पा मारतो. येताना त्याला मान सावरत नाही, मी एका हाताने गाडी चालवते आणि दुसऱ्याने त्याला धरते. थंडीत त्या रस्त्यावर बर्फ बसलं की तोही बंद.

तुझ्या रस्ते-खात्यात पुलाचा पाया ठरवणारा तूच ना? इथे सगळ्यांचं एकच म्हणणं आहे. शेजारचे म्हातारे टॅकेट म्हणाले, हॉलिसला विचार, टेबलाचे पाय शाबूत असले तर फळी बदलायला कितीसा वेळ लागतो? मीही तेच विचारते. लवकर कर रे. वहिनीला नमस्कार.

मायेची हक्कदार,
डेल्फा

*

१६ ऑगस्ट

चि. डेल्फास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र हातात पडेपर्यंत मी दर रात्री बातम्यांत तुमच्या दरीचं नाव शोधत होतो. वेंडेलला सांग, टोमॅटो पुढच्या वर्षीही लावता येतात, तेव्हा त्याने उगाच संतपण आणू नये.

मी परवा तिकडे येऊन गेलो. पैलतीरावर होतो, तुझं छप्पर दिसत होतं, हाक मारली पण पाण्याच्या आवाजात काय ऐकू जाणार! आधी चांगली बातमी. नवा पूल जागेवर बांधत बसायचं नाही. त्याचा वरचा भाग कारखान्यात दोन तुकड्यांत तयार होतोय. क्रेनने उचलून एका शनिवार-रविवारात बसेल. ही पद्धत आम्ही बऱ्याच ठिकाणी वापरली आहे.

अडलंय ते खाली. टॅकेटना सांग, टेबलाचा पाय उभा दिसतो, पण तो जमिनीवर टेकलाय की हवेत, हे खाली वाकून बघावं लागतं. मी वाकून बघितलं. तुमच्या बाजूच्या खांबाखाली लोखंडी सळई सरकवली तर ती माझ्या खांद्यापर्यंत आत गेली. जुन्या लोकांनी तो खांब खडकावर नाही, गोट्यांवर उभा केला होता. त्यातले निम्मे गोटे पुराने नेले.

तयार काँक्रीटचे रुंद ओटे आणून नुसते जमिनीत बसवले तर काम झटपट होईल, पण तेही त्याच गोट्यांवर बसणार. पोलादी खांब ठोकून खाली घालावेत, तर मोठ्या धोंड्यावर आपटून ते वाकतात. खात्रीचा मार्ग एकच. जुन्या खांबांच्या मागे सरकायचं, धोंडे भेदत खडकापर्यंत बारीक भोकं पाडायची, त्यांत पोलादी नळ्या घालून सिमेंट भरायचं आणि त्यांच्या डोक्यावर तयार काँक्रीटची टोपी बसवायची. पण हे छेदणारं यंत्र आधी खालच्या दऱ्यांतली कामं आटोपून येणार. तात्पुरते पूलही होते नव्हते तेवढे तिकडेच गेलेत.

अजून काही ठरलेलं नाही. धीर धर, असं लिहायला हात धजत नाही, पण दुसरं काय लिहू?

तुमच्या काळजीत असलेला,
हॉलिस

*

९ सप्टेंबर

मेव्हणेबुवा,
नमस्कार वि. वि.

तुझी बहीण तुला रोज शिव्या देते. त्या सगळ्या लिहायच्या तर टपालाचा खर्च परवडणार नाही, म्हणून सारांश कळवतो: तू दगडाच्या काळजाचा आहेस आणि तुला दगडच हवाय.

गावातल्या गड्यांनी केबल ताणून फळ्यांचा साकव केला होता. पलीकडे पाद्रीबाबा गाडी घेऊन उभे राहायचे. जाताना मी धरून धरून जायचो, येताना दोघं मला खुर्चीत बसवून आणायचे, राजासारखं. गेल्या गुरुवारच्या पाण्याने साकव नेला. खुर्ची वाचली, ती सध्या ओसरीत आहे.

खरं लिहू का? मला भीती वाटते, हॉलिस. खाणीत एवढी वर्षं काढली, छत कडकडलं तरी कधी अशी वाटली नाही. एक खेप चुकली की पाय सुजून बूट चढत नाहीत, आणि उताणं झोपलं की पाण्याखाली असल्यासारखा श्वास लागतो. डेल्फाला वाटतं मी झोपलोय, आणि मला माहीत असतं की ती जागी आहे.

लोक म्हणतात, आजारी माणसं समजूतदार होतात. माझं तसं झालेलं नाही. तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते मी सांगणार नाही, कारण मला त्या जुन्या दगडांवरचा पूल चालला असता. त्यावरून शाळेची बस जाते हे मला माहीत आहे, तरी चालला असता. एवढं तुला कळावं म्हणून हे पत्र. उत्तराची घाई नाही. यंत्राची आहे.

तुझा, अजून तरी,
वेंडेल

*

१८ ऑक्टोबर

हॉलिसदादास,
नमस्कार.

आज कुशल विचारत नाही. काल शाळेत सभा झाली. तुमच्या खात्यातला एक तरुण साहेब आला होता. त्याला घेरून आम्ही विचारलं, की जुन्या खांबांवर पूल ठेवायला हरकत कोणाची? तो बराच चुळबुळला आणि मग म्हणाला, वरिष्ठ तयार होते, खांबांच्या पायथ्याशी मोठे दगड टाकून काम भागवू म्हणत होते. पाया बघणाऱ्या एकाच माणसाने सही करायला नकार दिला.

सगळी सभा माझ्याकडे वळली. त्या साहेबाला माहीत नव्हतं, पण दरीत कोणाला माहीत नाही की तो माणूस माझा भाऊ आहे? मिसेस टॅकेटने माझा हात धरला, तोही किती हळू, जणू घरात कोणी वारलंय.

हे खरं आहे का?

कारखान्यात पूल तयार होऊन पडलाय, असंही तो म्हणाला. तयार पूल तिथे, उभे खांब इथे, आणि मध्ये तू. आज रुग्णालयातून परतताना आमची गाडी घसरली. चाक कड्याच्या बाहेर लोंबकळत होतं. वेंडेल म्हणाला, डेल्फा, तू उतर, मी बसतो, वजन लागेल. त्याच्या अंगात वजन उरलंय कुठे? लाकूडवाल्यांनी ट्रकने ओढून काढलं तोवर मी चिखलात बसून आरडाओरडा करत होते, आणि तो तुझ्यावर होता.

शहरात खोली बघतेय. सगळ्या खोल्या पूरग्रस्तांनी भरल्यात. चर्चच्या तळघरात एक कोपरा मिळेल म्हणतात. घर सोडायला तो तयार नाही. त्याला इथेच राहायचंय, आणि तुला खडक हवाय. माझं कोण ऐकतंय?

बाकी सारं तुझ्या सहीवर अवलंबून. कळावे.

डेल्फा

*

२६ ऑक्टोबर

चि. डेल्फास,
आशीर्वाद. घेशील तर.

खरं आहे. नकार माझाच.

दगड टाकून भागेल का? भागेलही. कदाचित दहा वर्षं भागेल, कदाचित येत्या वसंतातल्या पहिल्या पाण्याला नाही. मला विचारलं गेलं, तू शपथेवर सांगतोस का, की तो पडेल? मी म्हणालो, नाही. मग उभा राहील असं सांगतोस का? तेही नाही. म्हणून सही केली नाही.

बहीण पलीकडे राहते हे मी वरिष्ठांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. काम दुसऱ्याला द्या, असंही म्हणालो. खरं तर मनातून वाटत होतं, द्यावंच. त्याने सही केली असती, वेंडेल गेला असता-आला असता, आणि मी माझ्या टेबलाशी बसून हात धुतले असते. त्यांनी काम काढून घेतलं नाही. सळई मी घातली होती, गेलेली मी पाहिली होती. आता न पाहिल्यासारखं कसं करू?

वेंडेलचं पत्र मी खिशात घेऊन हिंडतो. त्याला उत्तर लिहायला बसतो आणि तारखेपुढे सरकत नाही. त्याला एवढं सांग, की मला त्याचं कळलं, आणि राग आला नाही.

यंत्र पुढच्या आठवड्यात येतंय. तू त्या तळघरात जा. पाया पडतो, त्याला घेऊन जा. मनात येईल तेवढं मला बोल, पण त्या रस्त्यावर गाडी घालू नकोस.

तुला तोंड दाखवायला लाजणारा,
हॉलिस

*

चर्चचं तळघर
१० डिसेंबर

दादा,

वेंडेल आज पहाटे गेला. चुकलेल्या खेपांनी थकलेलं हृदय थांबलं. रुग्णालयात होता, एकटा नव्हता.

पाद्रीबाबांनी तुला फोन केलाच असेल, पण हे मला माझ्या हातानं लिहायचं होतं. त्याला दरीतच पुरायचंय, घरामागच्या टेकडीवर, त्याच्या आईशेजारी. डोंगरावरचा रस्ता बर्फाने बंद आहे. शनिवारी तुमचा पूल बसतोय असं ऐकलं. रविवारी शववाहिका त्यावरून नेऊ देशील का? एकच गाडी. हे पत्र पाद्रीबाबा स्वतः आणून देतील, त्यांच्याच हाती उत्तर दे.

मी आजवर तुझ्याकडे जे जे मागितलं त्याला तू नाही म्हणालास. हे शेवटचं मागते.

डेल्फा

*

१० डिसेंबर

डेल्फा,

गाडी नाही. दोन तुकड्यांच्या सांध्यातलं काँक्रीट रविवारी ओलंच असेल. गाडीच्या हादऱ्याने ते तडकेल.

माणसं चालतील. कितीही चालू देत. खांद्यावरून नेऊ. एक खांदा माझा घे. नको असेल तर मी मागून येईन, तुझ्या नजरेला पडणार नाही.

तुझा दादा

*

बकहॉर्न दरी
२२ एप्रिल

ती. हॉलिसदादा,
सा. न. वि. वि.

चार महिने तुला पत्र लिहिलं नाही, तूही लिहिलं नाहीस. बरं केलंस.

त्या रविवारबद्दल तू आणि मी कधी बोललो नाही. बर्फ भुरभुरत होतं. टॅकेट, त्यांचे मुलगे, लाकूडवाले, पाद्रीबाबा आणि तू. पुलाच्या मध्यावर खांदा बदलायला सगळे थांबले आणि तू खाली बघितलंस. पेटीकडे नाही, सांध्याकडे. त्या घटकेला तुला पाण्यात ढकलून द्यावंसं वाटलं मला. मग तू पाऊल उचललंस आणि सांध्यावर न ठेवता ओलांडून पलीकडे ठेवलंस, आणि मागच्या सगळ्यांनी तसंच केलं. त्याला असं अलगद आजवर कोणी नेलं नसेल. हे मला फार उशिरा, घरी आल्यावर कळलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मार्चअखेर बर्फ वितळून पाणी आलं. जुलैइतकं नव्हतं, पण मोठं होतं. सगळी दरी काठावर जमली होती. नवा पूल जागचा हलला नाही, म्हणजे तुझं काम चोख. पण दादा, जुने खांबही उभेच आहेत. अजून आहेत. पोरं त्यांच्यावर बसून गळ टाकतात.

मी रोज जाऊन बघत होते. मला काय हवं होतं सांगू? ते पडायला हवे होते. पाण्याने त्यांचा चुरा करायला हवा होता, म्हणजे मला म्हणता आलं असतं, की माझ्या भावाचंच बरोबर होतं, आणि वेंडेल कशासाठी तरी गेला. ते पडले नाहीत. पुढच्या वर्षी पडतील, की माझ्या मरणानंतरही उभे राहतील, हे तुलाही सांगता येणार नाही. तू तसं लिहिलंच होतंस. तेव्हा ते वाचून तुझी चीड आली होती. आता वाटतं, खोटा धीर दिला असतास तर मी तुला खरंच सोडलं असतं.

शाळेची बस रोज सकाळी पुलावरून जाते. ड्रायव्हर मला बघून भोंगा वाजवतो, मीही हात करते. त्यातलं एकही पोर जुन्या खांबांवरून जावं, असं माझ्या मनात येत नाही. तरी माझा माणूस गेला. या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत, आणि मला दोन्हींना घेऊन राहायचंय.

येत्या रविवारी जेवायला ये. वहिनीलाही आण. मी माफ केलंय असं समजून येऊ नकोस, तसं काही झालेलं नाही. पण बीन्स आणि मक्याचा पाव एकटीसाठी करवत नाही, आणि टेकडीवर वेंडेलच्या नावाचा दगड बसवायचाय. जमीन उताराची आहे. तो कलू नये म्हणून खाली किती खोल जायचं, हे मला कळत नाही. तू येऊन बघ.

वाट बघणारी,
डेल्फा