बाहेरच्या खुर्चीतली डॉक्टरकी

३ सप्टेंबर
सूनबाई येईल त्या पेशंटला सांगते, मनात येईल ते वहीत लिहीत जा, वर तारीख घाला. मला आजार कसलाच नाही. पण मी केलेल्या कामाची नोंद या घरात कुणी ठेवत नाही, म्हणून माझी मीच ठेवते. आजवर जुन्या वहीत नुसती टिपणं होती, आता सगळं लिहायचं ठरवलं. शिक्षण चौथी. अक्षर वेडंवाकडं असलं तरी वाचता येतं. मला तरी.

काम असं. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत सूनबाईचं क्लिनिक. ती मनाची डॉक्टर. आतल्या खोलीत ती बसते. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या, तीन पेशंटच्या, एक माझी. तिथे बसून मी विणकाम करते आणि तिचं निम्मं काम उरकते. तिला आत एकेका माणसाला पाऊण तास लागतो. मला दहा मिनिटं.

आज बरे झाले: दोन.

५ सप्टेंबर, दुपार
निळा शर्ट. पहिल्यांदाच आला. एक पाय सारखा हलवत होता. म्हटलं, झोप येत नाही ना? म्हणाला, तुम्हाला कसं कळलं? म्हटलं, डोळे आहेत मला. काम काय करतोस? तर म्हणाला, ऑफिसात बसून असतो. म्हटलं, दिवसभर बसून राहणाऱ्याला झोप येईल कशाला, ऊठ आणि जिने चढ-उतर कर. तो उठला तो थेट जिना उतरून गेलाच. आत जायची वेळच आली नाही.

बरे झाले: एक. नाव विचारलं नाही. मी नावं कुणाचीच विचारत नाही. कपडे लिहून ठेवते.

माझा नियम सोपा. पंधरा दिवसांत परत आला नाही, तो बरा झाला. मी त्याच दिवशी लिहून टाकते, परत आला तर खोडते. ताप उतरल्यावर कोण दवाखान्यात जातं?

८ सप्टेंबर
घरी मीटिंग. सूनबाईबरोबर काम करणारे तिघे आले. एक चष्मेवाली, एक दाढीवाला आणि एक सर. हे सर इतकं हळू बोलतात की वाक्य संपेपर्यंत माझ्या दोन ओळी विणून होतात.

मनाच्या डॉक्टरांची मोठी कॉन्फरन्स आहे जानेवारीत. तिथे म्हणे लहान लहान गट बोलवतात. चार जण, विषय एक, प्रत्येकी पाच मिनिटं. पण आधी प्रपोजल पाठवायचं. कोण काय बोलणार ते दोनशे शब्दांत. त्यावर नाव घालायचं नाही, म्हणजे परीक्षकांना वशिला लावता येत नाही. चांगली पद्धत आहे.

यांचा विषय: पेशंट एकदा येतो आणि परत का येत नाही.

चष्मेवाली ऐटीत म्हणाली, माझ्याकडे दहातले सात परत येतात. सात! सात जणांना बरं करता आलं नाही आणि वर तोंड करून सांगते. दाढीवाल्याचे सहा. आमची सूनबाई मान खाली घालून म्हणाली, माझे तीनच. मला राहवेना. चहाचे कप उचलता उचलता म्हटलं, अगं मान वर कर, तू पहिली आलीस! सर काहीतरी बोलायला लागले होते, पण मला कप धुवायचे होते.

११ सप्टेंबर
सर गळाले. एका माणसाला एकाच प्रपोजलमध्ये बोलता येतं असा नियम आहे आणि सरांनी आधीच दुसऱ्या गटाला हो म्हटलेलं. हे सांगायला त्यांना अर्धा तास लागला. सूनबाई फोन कानाला लावून भिंतीला टेकून उभी. चौथा माणूस मिळाला नाही तर गट बाद. आणि गट बाद झाला तर तिचं काही खरं नाही, कारण पेशंट टिकत नाहीत म्हणून तिच्याकडे पेशंट पाठवणाऱ्या हॉस्पिटलच्या साहेबांनी आधीच भुवया चढवल्यात.

चौथी खुर्ची रिकामी. घरात अनुभवी माणूस हजर. आणखी काय पाहिजे?

१२ सप्टेंबर
जेवताना विषय काढला. सूनबाई म्हणाली, आई, फॉर्ममध्ये शिक्षण लिहावं लागतं. म्हटलं, मग लिही की चौथी, लपवतेस कशाला? मुलाला ठसका लागला. पाठीत दोन धपाटे घातले. एक ठसक्यासाठी, एक हसला म्हणून.

नात म्हणाली, आजी, लोक तुला घाबरतात. घाबरतात म्हणजे मानतात. तिला कळेल मोठी झाल्यावर.

निश्चय:
१. रोज पाच मिनिटं भाषणाचा सराव.
२. जानेवारीपर्यंत कुणाला तोडून बोलायचं नाही.
३. चष्म्याची काडी बसवून घेणे.

१४ सप्टेंबर
सरावासाठी विहीणबाईंना बोलावलं. सूनबाईच्या आई. शाळेच्या हेडबाई होत्या. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण समोर येईल त्याला अजून बाकावर उभं करतात. त्या घड्याळ घेऊन बसल्या. मी बोलले. त्या म्हणाल्या, बावीस मिनिटं झाली विहीणबाई, आणि अजून तुमची कंबरदुखीच चाललीय, मुद्दा कुठाय? म्हटलं, कंबर हाच पाया आहे. तर म्हणे, पाच मिनिटांत पायासकट इमारत उभी राहिली पाहिजे.

हेवा. दुसरं काय.

१७ सप्टेंबर
निश्चय क्रमांक दोन आज मोडला. माझा दोष नाही. पिवळ्या ओढणीची आली, बसल्या बसल्या रडायला लागली. मी दोन मिनिटं तोंड बंद ठेवलं. देवाशपथ दोन मिनिटं. मग म्हटलं, रडून झालं की तोंड धू, नवरा काही बदलत नसतो, दाराचं कुलूप बदल. ती डोळे मोठे करून बघत राहिली आणि पर्स उचलून गेली. कुलूपवाल्याकडेच गेली असणार.

सूनबाईने दार उघडून पाहिलं. तिन्ही खुर्च्या रिकाम्या. म्हणाली, आत्ता इथे कोणीतरी होतं ना? म्हटलं, होतं. झालं तिचं.

बरे झाले: एक. चष्मा तसाच. काडीला दोरा बांधलाय.

२० सप्टेंबर
मोठा दिवस. सूनबाई काही ऐकेना, म्हणून शेवटी ही वहीच तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, मी नुसती बोलत नाही, माझ्याकडे पुरावा आहे. सहा महिन्यांपासूनची जुनी वहीपण दिली, तिच्यात नुसते कपडे, तारखा आणि बरे झालेले.

तिने दोन्ही वह्या उभ्या उभ्याच वाचल्या. मग आतून आपलं अपॉइंटमेंटचं रजिस्टर आणलं, शेजारी ठेवलं आणि एका ओळीवर एक बोट, दुसऱ्या ओळीवर दुसरं, असं करत खाली खाली गेली. विचारलं, आई, या तारखा बरोबर आहेत? म्हटलं, माझ्या तारखा चुकत नाहीत. विचारलं, एप्रिलमधले हे पंधरा दिवस कोरे का? म्हटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन विसरलीस का? मागच्या खोलीत पडून होते की मी. तिने रजिस्टरमधला एप्रिल पाहिला. पुन्हा पाहिला. आणि खाली बसली. माझ्याच खुर्चीत.

मग हसायला लागली. मग डोळे पुसले. म्हणाली, आई, मला चौथा भाग मिळाला.

मिळायचाच होता.

२२ सप्टेंबर
सूनबाईने कागद आणला. वहीतला मजकूर कॉन्फरन्समध्ये वापरायला माझी परवानगी हवी. म्हणाली, आई, नीट ऐकून घ्या, तुमचं नाव कुठे येणार नाही, पण यात तुमच्याबद्दल चांगलंच असेल असं नाही. म्हटलं, मला स्तुतीची हाव कधीच नव्हती. म्हणाली, तसं नाही हो, मी काय म्हणतेय ते… तेवढ्यात दूध उतू गेलं. येऊन सही ठोकली. वाचायला लागले असते तर एक दिवस गेला असता. तिने पुन्हा दोनदा सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, पुरे, किती आभार मानशील!

३० सप्टेंबर
संध्याकाळी पाचला प्रपोजल घ्यायची वेबसाइट बंद होणार. साडेचारला सूनबाईचे दोनशे सव्वीस शब्द. विहीणबाई लाल पेन घेऊन बसल्या आणि सव्वीस शब्द असे काढले जसे भातातले खडे. मी म्हटलं, माझ्या कंबरेचा उल्लेख राहू दे. नव्हताच म्हणे. पावणेपाचला कॉम्प्युटरवर चकती गोल गोल फिरायला लागली. मुलगा हात जोडून उभा. मी म्हटलं, बंद करून चालू कर. पाचला चार मिनिटं असताना गेलं एकदाचं.

म्हणजे तेही मीच केलं.

१४ नोव्हेंबर
पास! परीक्षकांनी लिहिलंय, चौथा भाग सगळ्यात दमदार, बाकी लोक अंदाज बांधतात, इथे कारण नेमकं हाती लागलंय. मुलाकडून तीनदा वाचून घेतलं. पुढे आणखी एक ओळ होती, ते कारण बाजूला काढून काय फरक पडतो तेही मोजून दाखवा. परीक्षकांना काहीतरी लिहावंच लागतं.

विहीणबाईंना फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, अभिनंदन, पण तुम्ही नक्की कशाबद्दल खूश आहात? काय उत्तर द्यायचं अशा माणसाला!

१६ नोव्हेंबर
कॉन्फरन्सपर्यंत मुक्काम विहीणबाईंकडे. सूनबाई चाचरत म्हणाली, आई, दोन महिने बाहेरच्या खोलीत बसू नका, त्याचं कारण असं की… म्हटलं, कळलं गं. भाषण करणाऱ्याला निवांतपणा लागतो. एवढं काय अडखळतेस? तिने मुलाकडे पाहिलं. मुलाने छताकडे पाहिलं.

२ डिसेंबर
भाषण साडेसात मिनिटांवर आणलं. विहीणबाईंच्या घरात प्रत्येक वस्तूला जागा ठरलेली आहे आणि मला नाही. काल त्यांच्या कामवालीला गुडघ्यावर इलाज सांगितला. आज आली नाही. म्हणजे बरी झाली. भांडी मात्र विहीणबाईंनी घासली आणि प्रत्येक भांडं आपटून ठेवलं.

२० डिसेंबर
लोकर आणायला घरी गेले. बाहेरची खोली भरलेली. चारही खुर्च्या! माझ्या खुर्चीत कुणी टकल्या मासिक वाचत बसलेला. एक बाई तर भिंतीशी उभी. रजिस्टरमध्ये डोकावले. तीच तीच माणसं दर आठवड्याला.

वाईट वाटलं. मी नाही तर एकही माणूस बरा होत नाहीये. सूनबाई वरून हसतमुख होती. बिचारी.

१७ जानेवारी, पहाटे
आज! भाषण पाच मिनिटं दहा सेकंद. दहा सेकंद टाळ्यांत जातील. चष्मा नवा.

१७ जानेवारी, रात्री
मोठा हॉल. एका कोपऱ्यात टेबलावर पाण्याचे जग, दारात गळ्यात पट्टे घातलेली माणसं. मलाही पट्टा दिला, त्यावर लिहिलेलं: पाहुणे. म्हटलं, चूक झाली असेल, सांगू नंतर. पहिल्या रांगेत बसले. शेजारी मुलगा, त्याच्या पलीकडे विहीणबाई. स्टेजजवळ एक मुलगी लाल कार्ड घेऊन. वेळ संपली की ती कार्ड वर धरते.

दाढीवाला बोलला. चष्मेवाली बोलली. तिसरी दाढीवाल्याची विद्यार्थिनी, सरांच्या जागी घेतलेली. म्हणजे सूनबाईने आपली पाळी मला दिली असणार. मी पदर सावरून उठले तर मुलाने हात धरून खाली बसवलं. स्टेजवर सूनबाई गेली.

पडद्यावर दोन खांब. एक बुटका, एक उंच. म्हणाली, बुटका खांब म्हणजे बाहेरच्या खोलीत अमुक एक व्यक्ती बसलेली असताना परत आलेले पेशंट. उंच म्हणजे ती व्यक्ती नसताना. मधोमध एप्रिलचे पंधरा दिवस. खाली लिहिलेलं: घरातील ज्येष्ठ स्त्री, वय ७१, प्रशिक्षण नाही.

मग जिने आणि कुलूप. हॉल हसत होता. चांगले शिकलेले लोक, पोट धरून.

मी उंच खांबाकडे बघत होते. वहीतले माझे सगळे बरे झालेले त्या बुटक्या खांबाच्या वर, कोऱ्या जागेत होते. पडद्यावर त्यांच्यासाठी काही काढलेलंच नव्हतं.

शेवटी कुणीतरी प्रश्न विचारला, ती व्यक्ती आता काय करते? सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. म्हणाली, त्यांनी रोज खरं लिहून ठेवलं नसतं तर मला हे वर्षानुवर्षं कळलं नसतं, मी स्वतःलाच दोष देत बसले असते. मी उभी राहिले. म्हटलं, ती मी. सगळा हॉल वळला. भाषण पाठ होतं, पाच मिनिटं दहा सेकंदांचं. पहिला शब्द आठवेना. मुलीने लाल कार्ड वर धरलं.

विहीणबाई येताना गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना हे जमतं हे आजच कळलं.

१८ जानेवारी
सूनबाई सकाळी पलंगाशी येऊन बसली. म्हणाली, आई, रागावलात? म्हटलं, नाही. म्हणाली, मग वाईट वाटलं? म्हटलं, असल्या गप्पा मी स्वयंपाकघरात मारत नाही. म्हणाली, स्वयंपाकघरात नाही, आपण झोपायच्या खोलीत आहोत. म्हटलं, तिथेही नाही. तेव्हा म्हणाली, मग क्लिनिकमध्ये या, मी दार लावून घेते, पाऊण तास फक्त तुमचा. उद्या अकरा.

हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

१९ जानेवारी
पावणेअकराला जाऊन बाहेर बसले. कुणाशी बोलायचं नाही, कुणाकडे बघायचं नाही, असं ठरवून. काय सांगायचं ते मनात जुळवत होते. दोन वाक्यं जुळली होती. खरी.

शेजारी एक म्हातारेबुवा, छत्री मांडीवर आडवी. मी काही विचारलं नव्हतं. म्हणाले, सुनेचं काहीतरी असणार, आपल्या वयाच्या बाईचं दुसरं काय असतं, जास्त मनाला लावून घेऊ नका, सकाळी कोमट पाणी पीत जा.

दोन्ही वाक्यं गेली.

उठले आणि स्वयंपाकघरात आले. अकरा वाजता सूनबाईने दार उघडून हाक मारली, आई, या. ओ दिली नाही.