पेलेसाठी झाडलेलं घर

१२ मे

जमीन परत हलली! फळीवरच्या दोन बशा गेल्या. वरच्या वसाहतीत रस्ता फाटून लाव्हा बाहेर पडलाय. ज्वालामुखीतून पेलेदेवी निघाली, म्हणतात सगळे. ती निघाली की समुद्रापर्यंत येतेच, आणि वाटेत आम्ही.

काविकाचा, माझ्या नवऱ्याचा फोन. त्याला लास वेगासला जाऊन चार वर्षं झाली, तरी पहिला प्रश्न तोच — पाणी कुठवर आलं? आमची जमीन दर भूकंपात थोडी खचते; पौर्णिमेच्या भरतीला अंगणात मासे येतात. ह्यालाच कंटाळून तो गेला. खालून आग, पुढून पाणी, इथे माणसानं राहायचं? म्हणायचा. मी म्हटलं होतं, पेलेने घर नेलं तर येईन. त्याआधी नाही.

१५ मे

गंधकाचा वास. घसा धरलाय. त्याची फार आठवण येते.

२० मे

खरं लिहायचं तर — पेलेने यावं असं मला वाटतं. शेजारच्या लुइका आंटी रोज रडतात. मी त्यांची पाठ चोळते आणि मनात म्हणते, ये बाई, लवकर ये. लाज वाटते. पण एकटीनं जेवायचा वीट आलाय. आपण होऊन निघाले तर आईबापांची जमीन टाकून नवऱ्यामागे पळाली म्हणतील. पेलेने नेलं तर कोण काय बोलणार?

२ जून

उद्या आमचीही वसाहत रिकामी करायची. घर तसंच टाकून आमच्यात कुणी जात नाही. पेले यायची असली की झाडून-पुसून तिच्या हवाली करायचं. दिवसभर तेच. खिडक्या पुसल्या, पलंगावर चांगली गोधडी घातली, उंबऱ्यावर तिला वाहायला टी नावाच्या झाडाची रुंद पानं आणि फुलं.

आंटी दारातून बघत होत्या. "मोमी, इतकं चकचकीत केलंस तर तिला आत पाय टाकवायचा नाही गं."

दोघी हसलो. मग त्या रडायला लागल्या.

५ जून

पाहोआ गावात आलो. व्यायामशाळेत खाटा टाकल्यात. आंटींचं घर गेलं. आमच्या बाजूला नुसता धूर, म्हणजे तेही गेलंच. काविकाला कळवलं. तो म्हणाला, "वाईट वाटल्याचं सोंग नाही करणार मी. कधी येतेस?"

मला आनंद झाला. हो, आनंदच — लिहिते झालं!

१९ जून

धूर विरला. अधिकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून काढलेला फोटो दाखवला. चहूकडे काळा दगड आणि मधोमध आमचं घर, छपराला ओरखडासुद्धा नाही. लोक येऊन माझे हात धरतायत. तिने तुझा मान ठेवला, म्हणतायत. आंटींनी तर मला मिठीच मारली, स्वतःचं सगळं जाऊन. मी न्हाणीघरात जाऊन रडले. त्यांना वाटलं, आनंदाने.

२१ जून

काविकाला सांगितलं, घर उभं आहे. तो म्हणाला, "म्हणजे तू राहणार."

"नाही," म्हटलं. "तिने नाही नेलं. मीच येतेय."