बोटभर ओल

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचली आणि आल्या आल्या कामाला लागली. तुझ्याकडून आणलेला गुलाब, पुदिना, टोमॅटोची रोपं, सगळं मागच्या अंगणात लावून मोकळी झाली. पण इथली हवा म्हणजे उघडी भट्टी. दिवसभर लोकांचे फ्रिज दुरुस्त करून मी त्यांच्या भाज्या ताज्या ठेवतो आणि माझ्याच दारचा पुदिना मान टाकतो. हस तू!

खरी गोष्ट वेगळीच आहे. आई पाणी घालते, आत येते आणि पुन्हा पाणी घालायला जाते. आत्ताच घातलंस म्हटलं की रागावते. तुझ्याकडे असं करायची का? झाडांचं काय करू ते सविस्तर लिही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाठीच्या ऑपरेशनच्या टाक्यांना आता आराम आहे, पण डॉक्टर प्रवासाचं नाव काढू देत नाहीत. शिलाई मशीनसुद्धा झाकून ठेवलंय.

झाडं जास्त पाण्यानंही माना टाकतात, वेड्या. आधी मातीत बोट खुपस. आत ओल लागली तर पाणी नको. घालायचं ते सकाळी, बुंध्याशी, पानांवर नाही. माती उघडी ठेवू नकोस, वाळका पाला पसर. बिनरंगाचं मातीचं मडकं रोपांमध्ये गळ्यापर्यंत पुरून भरून ठेव, वर झाकण घाल. ते झिरपत राहतं आणि मुळं आपलं आपण पितात. दुपारच्या उन्हाच्या बाजूला जुनी चादर बांध. आणि आईच्या हातातली नळी काढून तांब्या दे.

इथे ती चष्मा विसरायची, पण पाणी घातलेलं कधी विसरली नव्हती. माझं नाव काढते का रे?

तिला जप, स्वतःलाही जप.
ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. मडक्याभोवती टोमॅटो तरारले. आईनं शेजारणीला हात धरून आणून दाखवले. मला वाटलं, जमलं.

मग एके दिवशी मी आणि बायको दोघंही कामावर असताना तिनं नळ सोडला आणि तशीच झोपली. टाकी सगळ्या इमारतीची, पाणी येतं एक दिवसाआड. वरच्या मजल्यावर बाळंतीण आहे. तिचा नवरा रिकामी बादली घेऊन दारात उभा राहिला. मी नळाची चावी काढून खिशात ठेवली. संध्याकाळी आलो तर आई नळाचा उघडा खिळा फिरवत बसलेली, बोटं सोललेली. परवा तिनं मडकं उकरून काढलं, आत काय लपवलंय ते बघायला. टोमॅटो मुळासकट गेले.

तुझं नाव काढते. तू शाळेतून आलीस का, विचारते.

धाकटा

१८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. नळ बंदच ठेव, पण हात रिकामे ठेवू नकोस. भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठव आणि तिला दे. काही लावलेलं नाही असा कोपरा दाखव, तिथे ओतू दे. झाडं गेली तर जाऊ देत. मी येण्यासाठी डॉक्टरांच्या मागे लागलेय.

ताई

२० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बागेत आता काहीच उरलं नाही. आई रोज कोरड्या कोपऱ्यात पाणी ओतते आणि काय काय उगवलंय ते मला सांगते. मी हो म्हणतो.

काल तिनं मला अहो म्हणून हाक मारली. हे घर कुणाचं, विचारलं. म्हणाली, मला घरी सोडता का, माझा धाकटा शाळेतून येईल, दार उघडायला कुणी नाही. मी सोडतो म्हटलं. हात धरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेलं आणि वळून परत आपल्याच दारी आणलं. तिला हायसं वाटलं. उंबऱ्यावर थांबून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, तुमच्या आईनं तुम्हाला चांगलं वळण लावलंय हो, सांगा तिला.

कुणाला सांगू, ताई? पाठ दुखली तरी ये.

धाकटा