एक शिट्टी थांबा, दोन शिट्ट्या चला

८ फेब्रु., रवि.
वैशू आली. चार दिवस रजा. एरवी खालून किनाऱ्यावरून येताना ओले बोंबील आणते, आज पाठीवर गादीएवढी बॅग. सौ.चा पहिला प्रश्न, मासळी कुठाय? म्हणे, काईट आहे. म्हणजे पतंग. फळीवर उभ्या माणसाला वाऱ्याच्या जोरावर समुद्रातून ओढत नेणारा! हा लहान आहे, शिकाऊ. तिथल्या काईटवाल्यांकडून मागून आणलाय.

कारण जेवताना कळलं. तिच्या किनाऱ्यावर पोहणारे आणि काईटवाले एकाच पाण्यात. काईटच्या दोऱ्या तारेसारख्या ताणलेल्या, मध्ये माणूस सापडला तर संपलंच. गावाचं म्हणणं काईट बंद करा. महिनाअखेर ग्रामसभेत ठरणार. आणि आमची वैशू सरपंचांना सांगून आलीय, बंद नको, मी दोघांना जागा वाटून देते, एक सीझन बघा. तिथे लाईफगार्डमध्ये ती एकटी मुलगी, त्यात डोंगरातली. पोहणं शिकली ते मामाकडे दाभोशाच्या नदीत, तेव्हा मी काठावरून ओरडत असायचो, बाहेर ये म्हणून. आता ही कोळ्यांच्या गावाला सांगणार समुद्र कसा वापरायचा. पोरगी कोणाची!

९ फेब्रु., सोम.
शिरपामाळ. वाऱ्याला तिथे तोटा नाही. वैशू आधी स्वतः उडवत होती, मग मला राहवेना. काईटच्या दोऱ्यांचा दांडा हातात घेतला. पतंग वर गेला आणि मी त्याच्या मागे. ती ओरडतेय, "बाबा, दांडा सोडा! सोडा!" मी कसला सोडतो. सगळी नोकरी कंडक्टरची, घाटातल्या वळणांवर एका हाताने दांडा धरून तिकिटं दिली. ओढ बसली की मूठ आपोआप आवळते. फरफटत करवंदीच्या जाळीत. पँट गुडघ्यावर फाटली. फिरायला आलेलं एक जोडपं मोबाईलवर शूटिंग करत होतं. करा म्हटलं.

वैशू हसून हसून खाली बसली. मग म्हणाली, "पाण्यात पण हेच होतं बाबा. काईट महाग, त्यात माणूस घाबरलेला, आणखीच घट्ट धरतो. बटण दाबून सोडायची सोय असते. पण सोड म्हणून सांगायचं कसं, एवढ्या लांबून?"

शिट्टी वाजव की.

"वाजवते. सगळेच बघतात आणि कोणीच काही करत नाही."

१० फेब्रु., मंगळ.
दाढी करताना सुचलं. साबण तोंडावर तसाच ठेवून बाहेर आलो. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला! एस.टी.त एकदा बसलेल्यालाही माहीत, शिकवायला नको. एक शिट्टी, काईटवाल्याने असेल तिथे काईट सोडायची, भांडण नंतर. दोन शिट्ट्या, उडवायला मोकळा. पोहणाऱ्यांना शिट्टीच नाही, त्यांना भोंगा.

वैशूने चहाचा कप खाली ठेवला. दोनदा विचारलं, परत सांगा. बाप काही अगदीच टाकाऊ नाही.

सौ. — "रिटायर झाले तरी घंटी सुटत नाही."
सुटूच नये.

१८ फेब्रु., बुध.
वैशूचा फोन. सुरू केलं. वारा उत्तरेकडून, म्हणून पोहणारे उत्तरेला, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये. काईट दक्षिणेला, सुरूच्या बनापलीकडे. सुटली तरी माणसांपासून लांब जाईल. एक दाढीवाला मुंबईकर अडला. मी परदेशात उडवून आलोय, मला काय शिट्ट्या शिकवतेस? वैशू — "दादा, एस.टी.त बसलात कधी?" बसलो, लहानपणी, गावी जाताना. "मग तेच." हसला म्हणे. आणि पुढच्या शिट्टीला थांबला.

संध्याकाळी स्टँडवर जाऊन जुन्या मंडळींना सांगितलं. मग परत सांगितलं. एक ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, पुरे आता, पाठ झालं." जळतात लेकाचे.

२२ फेब्रु., रवि.
दुपारी वैशूचा फोन, आवाज कापत होता. पण ती ठीक. सगळे ठीक.

सहलीची मुलं. प्रवाहाने झेंड्यांच्या बाहेर, थेट काईटच्या हद्दीत. समोरून तो दाढीवाला वेगात, त्याला पोरं दिसतच नव्हती. वैशूने एक शिट्टी मारली. एकच. आणि त्याने काईट सोडली! एवढी महागाची वस्तू, वाऱ्यावर भिरभिरत गेली. तो फळीवरून पाण्यात कोसळला. दोघा लाईफगार्डनी मुलं ओढून आणली. कोणाला ओरखडा नाही.

दाढीवाला बाहेर येऊन तिला म्हणाला, "ताई, विचार केलाच नाही, हात आपोआप सुटला." तिथेच ती रडली म्हणे. मी इथे, स्वयंपाकघरात. सौ.ने पदर दिला तोंड पुसायला.

पण गावात आता दोन तट. एक म्हणतो वाचली ना मुलं, व्यवस्था चांगली आहे. दुसरा म्हणतो मुलं मरत होती, आजच बंद करा. दोघेही खरंच बोलतात, हीच पंचाईत.

२६ फेब्रु., गुरु.
पहिल्या गाडीने खाली गेलो. ग्रामसभा शाळेच्या पटांगणात. वैशू युनिफॉर्ममध्ये, सरळ उभी. एवढ्या लोकांपुढे एकदा अडखळली नाही. शेजारच्याला सांगावंसं वाटत होतं, माझी मुलगी. सांगितलंच.

विरोधाला जमनाबाई. वय झालेलं, किनाऱ्यावर सुकी मासळी विकतात. नातवंडं त्याच पाण्यात डुंबतात. वैशूकडे शब्दच मागितला. "तू शिट्टी मारलीस, त्यानं ऐकला. उद्या नाय ऐकला तर?" वैशू म्हणाली, "तर मी उडी मारेन. पण न ऐकणारा कोणी भेटणारच नाही, हा शब्द मी देऊ शकत नाही." खोटं बोलली असती तर टाळ्या पडल्या असत्या. मला त्या घटकेला तिचा इतका अभिमान वाटला की छाती दुखली.

जमनाबाई — "मंग सांग, तुझा बापूस उतरंल का त्या पाण्यान? पतंग वर असताना?"

वैशूने माझ्याकडे बघितलं. तिला ठाऊक आहे, मी घोट्याच्या वर पाण्यात गेलेलो नाही. ती काही बोलायच्या आत माझं तोंड बोलून मोकळं. उतरतो.

सभा तहकूब. रविवारी सगळे किनाऱ्यावर बघणार. सौ.ला फोनवर सांगितलं. ती — "टॉवेल आहे का?"

१ मार्च, रवि.
केस अजून ओले. वैशूच्या खोलीवर बसून लिहितोय.

भर उन्हात गेलो. अर्धी पँट, बनियन, अंगात लाईफ जॅकेट, म्हातारा बावळट दिसत असणार. झेंड्यांच्या मध्ये आधी गुडघे, मग कंबर. वाळू पायाखालून सरकते हे कोणी सांगितलं नव्हतं. दोन शिट्ट्या ऐकल्या. बनाच्या पलीकडे पाच-सहा काईट वर चढल्या, लाल, निळ्या. सर्रकन आवाज येतो त्यांचा. काळजाचं पाणी झालं. दुसरीकडून वाटत होतं, हे सगळं आकाश माझ्या पोरीच्या हुकमावर वर-खाली होतंय!

वाटलं होतं ती माझ्याकडे बघेल. मनोऱ्यावर उभी होती, नजर उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. माझ्यावर एक क्षणही जास्त थांबली नाही. तसंच हवं. मी तिथे फक्त एक पोहणारा होतो, आणि तोही न पोहणारा.

सरपंच काठावर. म्हणाले, बघू, पुढच्या बैठकीत.

जमनाबाई लुगडं खोचून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, नातवाला कडेवर घेऊन. माझा दंड धरला. हात खरखरीत, पकड पक्की. मी विचारलं, "मावशी, काय ठरवलंत?"

म्हणाल्या, "लाट येतंय. गप उभा ऱ्हा."

उभा राहिलो.